छत्तीस गुणांत माणूस कुठे असतो?

गेली बरीच वर्षं मी ज्योतिषाचा अभ्यास करतेय. ठाण्यातल्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या पत्रिका बघते, पैसे घेत नाही. या विषयावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावाखाली घराघरांत जे चाललंय ते बघवत नाही. पत्रिका मांडणारा हे धरून चालतो की प्रत्येक माणूस दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, नाहीतर प्रत्येकाची वेगळी पत्रिका मांडायची गरजच काय? आणि आपण तीच पत्रिका सगळ्यांना एका मापात बसवायला वापरतो. नको असलेल्याला बाहेर काढायला वापरतो. आज त्याबद्दल लिहायचंय. लांबलं तरी वाचा.

आधी पत्रिकेची रचना बघा. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दर दोन तासांनी बदलते. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, सूर्य महिनाभर, गुरू सुमारे वर्षभर, शनी अडीच वर्षं. हर्षल (म्हणजे युरेनस) सात वर्षं आणि नेपच्यून चौदा. शाळेतल्या एका वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचा हर्षल एकाच राशीत सापडेल. तो पिढीचा. पण एकाच प्रसूतिगृहात सकाळी सहाला आणि नऊला जन्मलेल्या दोन बाळांचे शनी, गुरू, सूर्य आणि बहुतेक वेळा चंद्रही त्याच राशीत असतात. वेगळं असतं ते लग्न, आणि त्यामुळे कुठला ग्रह कुठल्या स्थानात, म्हणजे पत्रिकेतल्या बारा घरांपैकी कुठल्या घरात, पडला ते. व्यक्ती कुठे संपते आणि पिढी कुठे सुरू होते हे या मांडणीत इतकं नेमकं दिसतं की मला अजून त्याचं नवल वाटतं.

आता गुणमिलन घ्या, म्हणजे लग्न ठरवताना मुलामुलीच्या पत्रिका जुळवून काढतात तो आकडा. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८, असे मिळून ३६ गुण. ही आठही कूटं, म्हणजे जुळवायचे निकष, कशावरून काढतात? फक्त चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून. लग्नरास त्यात नाही, सूर्य नाही, शनी नाही, जोडीदाराचं म्हणतात ते सप्तम स्थानसुद्धा नाही. जे सगळ्यात जास्त त्या माणसाचं स्वतःचं, ते बाजूला ठेवायचं आणि अख्ख्या मानवजातीला सत्तावीस नक्षत्रांत वाटून आकडा काढायचा. 'आमचे एकोणतीस जुळले' असं आनंदानं सांगणाऱ्या आईवडिलांना हे कुणी सांगतच नाही.

वर्णकूटाकडे तर जरा नीट बघा. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. आणि नियम असा की वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. जमिनीवरची उतरंड उचलून आकाशात नेऊन ठेवलेली आहे. एकच गुण आहे म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, पण मला तो एक गुण देताना हात आखडतो. गणकूटाचं बघा: सत्तावीसपैकी नऊ नक्षत्रं राक्षस गणाची, म्हणजे एक तृतीयांश जग राक्षस. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच स्थानं गेली. इतक्या लोकांना लागू होणारी गोष्ट दोष कशी ठरते, हा प्रश्न गणित येणाऱ्या कुणालाही पडायला हवा. पण प्रश्न विचारण्याऐवजी आपण काय करतो, तर जन्मवेळ थोडी मागेपुढे करून 'मंगळ काढून' घेतो. अशा दुरुस्त केलेल्या पत्रिका माझ्याकडे येतात. मुलीची खरी जन्मवेळ, तिची खरी लग्नरास, सगळं पुसून टाकायचं, का तर चारचौघांसारखी दिसावी म्हणून!

माझी भाची घोडबंदर रोडला राहते, नोकरीला ऐरोलीला जाते. हुशार, मनमिळाऊ, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी. मध्यंतरी एक स्थळ आलं, फोटो पसंत, शिक्षण पसंत. पत्रिका गेली आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की मूळ नक्षत्र आहे, सासऱ्याला वाईट, क्षमस्व. ती मला एवढंच म्हणाली, "मावशी, मला भेटून नाही म्हणाले असते तर चाललं असतं गं." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

कारण ग्रंथात काय आहे ते मला माहीत आहे. १६०० सालाच्या सुमारास काशीत राम दैवज्ञांनी लिहिलेला मुहूर्तचिंतामणी हा या बाबतीतला मोठा आधार मानतात. त्यातल्या या विषयावरच्या श्लोकात मूळ नक्षत्र सासऱ्याला आणि आश्लेषा सासूला अनिष्ट म्हटलं आहे, हे खरं. पण शब्द आहे 'कन्यासुतौ', म्हणजे मुलगी आणि मुलगा दोघेही. मुलगा मूळ नक्षत्राचा आहे म्हणून मुलीच्या वडिलांना कुणी सावध केल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी नाही ऐकलं. पुढे लगेच असंही म्हटलंय की मुळाचा शेवटचा चरण (नक्षत्राचे चार भाग असतात, त्यातला एक) आणि आश्लेषाचा पहिला चरण शुभ. दिराला वाईट म्हणतात त्या विशाखाचे पहिले तीन चरण उलट त्याला सुखकारक. माझ्या भाचीचा जन्म मुळाच्या चौथ्या चरणावरचा. मी स्वतः त्या घरी फोन करून हे सांगितलं. ऐकून घेतलं, पण बदललं काही नाही. आणि स्पष्टच सांगते, ती पहिल्या चरणावर जन्मली असती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसानं तरी अपवाद लिहून ठेवले, मूळ आणि आश्लेषाला दोघांना सारखं मोजलं. आपण अपवाद खोडले आणि मुलाला वगळलं. हे ग्रहांनी केलेलं नाही, आपण केलंय.

'लोक काय म्हणतील' याचा ग्रह कोणता, असं मला विचाराल तर मी शनी म्हणेन. आणि ज्यांना लोकांनी बाहेर ठेवलं त्यांचा ग्रह कोणता? तोही शनीच. परंपरेनं त्याला मर्यादा, शिस्त, चालीरीत दिली आणि त्यालाच सेवक, मजूर, वृद्ध, उपेक्षितही दिले. नियमही त्याचा आणि नियमाखाली चिरडलेला माणूसही त्याचाच. समोर सूर्य: आत्मा, स्वत्व, राजा. सूर्य मेषेत उच्च (सगळ्यात बलवान), तुळेत नीच (सगळ्यात दुबळा); शनी बरोबर उलटा, तुळेत उच्च, मेषेत नीच. शिवाय पुराणात हा शनी सूर्याचाच मुलगा, छायेपासून झालेला, बापाशी कधी न पटलेला. ज्यांनी ही कल्पना रचली त्यांना 'मी' आणि 'आपण' यांच्यातली ओढाताण पुरेपूर कळली होती. कुठल्याही पत्रिकेत दोघांपैकी एकाला वगळता येत नाही. सूर्य हवा म्हणून शनी काढून टाका, असं होत नाही. पत्रिका हातात घेतली की मी या दोघांशी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण त्या माणसाशी त्याच्या घरच्यांबद्दल बोलायला तिथून वाट मिळते.

हल्ली रील्सवर कुंभ म्हणजे बंडखोर, कुंभ म्हणजे क्रांती असं फार चालतं. त्यामागची गोष्ट अशी की १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेल यांना इंग्लंडमधल्या बाथ गावातून हा नवा ग्रह दिसला. आपल्या मराठी पत्रिकांत त्याला हर्षल म्हणतात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा चालू होतं आणि आठ वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. पाश्चात्त्य ज्योतिषांनी मग बंड, अचानक होणारे बदल, व्यक्तिस्वातंत्र्य हे सगळं या ग्रहाला दिलं आणि शनीची कुंभ रास त्याच्याकडे सोपवली. समाज आधी हलला, ग्रहाला अर्थ नंतर मिळाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

प्लूटोचंही तेच. २०२४च्या नोव्हेंबरपासून तो 'कुंभेत आलाय', आता सत्ता लोकांच्या हातात जाणार, मागच्या वेळी तो तिथे होता तेव्हा फ्रेंच राज्यक्रांती झाली, असं इंग्रजीतून आलेलं जसंच्या तसं मराठीत सांगतात. पहिली गोष्ट, ती सायन कुंभ, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीनं ऋतूंवरून मोजलेली. आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणाऱ्या, गणितानं प्लूटो अजून मकरेत आहे, दोन्हींत जवळजवळ चोवीस अंशांचा फरक पडतो. दुसरी आणि मोठी गोष्ट: १७८९ साली पॅरिसवर जे आकाश होतं तेच पुण्यावरही होतं. पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणविसांच्या हातात होता. इथे ठाण्याचा किल्ला १७७४ मध्येच इंग्रजांकडे गेला होता. प्लूटो कुंभेत होता म्हणून त्या पुण्यात जातीची एक गाठ तरी सैल झाली का? मुलींसाठी पुण्यात शाळा निघाली ती १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काढली म्हणून. सत्यशोधक समाज १८७३ चा. पुरोहिताशिवाय लग्नं लागली ती माणसांनी लावली म्हणून.

ठाण्याचंच उदाहरण द्यायचं तर १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढे याच रेल्वेच्या डब्यात सगळ्या जातींची माणसं शेजारी शेजारी बसू लागली, ही लहान क्रांती नव्हती. हवं तर मी सांगू शकते की त्या दिवशी निरयन सूर्य मेषेत, उच्च राशीत होता. गणितानं ते खरंच आहे. पण तो दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून महिनाभर मेषेतच असतो. घटना झाल्यावर आकाशात कारण शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच, आणि म्हणून अशा सापडण्याला मी किंमत देत नाही.

नारळीकर सरांची चाचणी पुष्कळांना आठवत असेल. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे पत्रिका घेतल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आलेल्यांचं प्रमाण ४६ टक्के, नुसती नाणेफेक केली तरी साधारण पन्नास आले असते. २००९ मध्ये ते 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. आमच्यातले अनेक जण अजून त्यावर चिडतात. मला ती चाचणी प्रामाणिक वाटते आणि निकाल मी मानते. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी ओळखता येत नसेल, तर तिच्यावरून सासऱ्याचं आयुष्य ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मग मी पत्रिका का बघते? समोर बसलेलं माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतं म्हणून. एरवी घरात ज्याला 'हट्टी' म्हणतात अशा मुलाची पत्रिका उघडून 'याचा रवी दशमात, म्हणजे कामाच्या स्थानात आहे, याला स्वतःचं काहीतरी उभं करायचं असेल' असं म्हटलं, की बाप पहिल्यांदाच त्या मुलाकडे वळून विचारतो, खरंच का रे? तेवढ्यासाठी मला ही भाषा प्रिय आहे. दुसरी कुठली भाषा वापरलीत तरी माझी हरकत नाही.

एक गोष्ट मी पक्की केली आहे. यापुढे कुणीही दोन पत्रिका पाठवून 'किती जुळतात' विचारलं तर आकडा सांगणार नाही. मुलगा-मुलगी भेटलेत का, हे विचारणार. भेटले नसतील तर तलावपाळीवर नाहीतर आणखी कुठे भेटू द्या, दोन-चारदा भेटू द्या, मग हवं तर दोघांनी मिळून माझ्याकडे या. आणि मुलींचे बायोडेटा बनवणाऱ्या आयांनो, त्यात गण आणि नाडी लिहिणं आधी थांबवा. मागितलं तरी देऊ नका.

मुहूर्तचिंतामणीतले ते श्लोक अर्थासकट मी खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय. मूळ, आश्लेषा, ज्येष्ठा किंवा विशाखा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते फोनमध्ये ठेवा. कुणी मूळ किंवा आश्लेषावरून नाही म्हटलं की 'कन्यासुतौ' हा शब्द त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या मुलाचं नक्षत्र विचारा.