तडा नाही गेला!

नाक अजून ठणकतंय, म्हणून आधीच सांगून टाकतो, दार बंद होतं. काचेचं, वरपासून खालपर्यंत अखंड, चौकट नाही, काही नाही, आणि इतकं लख्ख पुसलेलं की पलीकडच्या खुर्च्या, लिफ्ट सगळं दार उघडं असल्यासारखं दिसत होतं. मी सरळ गेलो. धाडकन आवाज, मोबाईल एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

अशा वेळी माणसं विचारतात, लागलं का. तिथे सोफ्यावर बसलेले एक काका लगबगीने उठले, थेट काचेपाशी गेले, तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाले, "तडा नाही गेला."

मग माझ्याकडे वळले. "काच एका बाजूने जेमतेम ४ टक्के प्रकाश परत फेकते. दोन बाजू धरून ८. बाकी बहुतेक आरपार. तुम्हाला दिसणार काय डोंबल?"

"काका, रक्त येतंय का बघता जरा?"

"नाही येत. आता अपवर्तन बघा! किरण काचेत शिरताना वाकतो, पण बाहेर पडताना तेवढाच उलटा वाकतो, कारण दोन्ही बाजू समांतर. म्हणून पलीकडचं काही हललेलं वाटत नाही. पाण्यात काठी बुडवली की मोडल्यासारखी दिसते ना, तशी चाहूल काच लागू देत नाही. इकडे या, भिंतीला गाल लावा, तिरकं बघा."

आणि मी गेलो हो! का गेलो कुणास ठाऊक, पण गाल लावून बघितलं तर खरंच, तीच काच तिकडून चक्क आरसा, त्यात छताचे दिवे आणि सोफा. जितकं तिरकं बघाल तितकं परावर्तन जास्त, काका खुश. मी म्हटलं, म्हणजे यापुढे प्रत्येक दाराकडे खेकड्यासारखं जायचं का? त्यावर ते गंभीरपणे विचार करून म्हणाले, "रात्री गरज नाही. बाहेर अंधार आणि आत दिवे असले की तेच ८ टक्के भाव खातात, काचेत आपणच दिसतो." म्हणजे रात्री निदान ओळखीच्या माणसावर आपटायचं.

तेवढ्यात त्यांनी सूर्यही आणलाच. मावळताना क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा तो खरा खाली गेलेला असतो म्हणे, हवा किरण वाकवते म्हणून आपल्याला वर दिसतो. असेल, पण सूर्य दिसतो तिथे नसला म्हणून कुणाचं नाक सुजत नाही. आणि काकांना एवढं सगळं माहीत होतं, दाराकडे तोंड करून बसले होते, मी येताना दिसत होतो, मग एक "अहो" म्हणायला काय झालं होतं? प्रात्यक्षिक हवं होतं बहुतेक.

एव्हाना सफाईवाल्या दादांनी येऊन माझ्या नाकाचा आणि कपाळाचा तेलकट ठसा पुसूनही टाकला. त्या अख्ख्या काचेवर दिसण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती! मी मॅनेजरना गाठलं, म्हटलं डोळ्यांच्या उंचीवर एक पट्टी चिकटवा, साधी, पांढरी, उद्या एखादं पोर धावत आलं तर काय करणार आहात? तर ते म्हणाले, "सर, पट्टीने लूक जातो."

काकांनी मान डोलावली.