‘मुलांना विचारत बसलात तर शिस्त संपली’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली अंगठा लावून. मेसेज थोडक्यात असा : शाळांमध्ये ‘व्यक्तिकेंद्रित दृष्टिकोन’ नावाचं नवं फॅड आलंय. मूल काय म्हणतं ते आधी ऐकायचं म्हणे. मुलांना विचारत बसलात की शिस्त संपली. वर्गात चाळीस मुलं, एकेकाचं मन कधी सांभाळणार? एकाला सवलत म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. याला शास्त्रीय आधार शून्य. आणि पुढे जग काही त्यांना विचारून वागणार नाही, मग शाळेनं ही सवय का लावायची?

मी शाळेत समुपदेशक आहे, त्याआधी काही वर्षं वर्गही सांभाळलाय. त्यामुळे राग आला तरी मेसेज दोनदा वाचला. त्यातली एक भीती खोटी नाही, तिच्याकडे शेवटी येते.

‘नवं फॅड आहे.’

या दृष्टिकोनाचा पाया घालणारा कार्ल रॉजर्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९२८ पासून बारा वर्षं रॉचेस्टर शहरात, कोर्टानं आणि संस्थांनी पाठवलेल्या मुलांबरोबर काम करत होता. सुरुवातीला तोही तज्ज्ञासारखाच वागायचा : निदान मी करणार, उपाय मी सांगणार. एका दांडगट मुलाच्या आईला तो बऱ्याच बैठकांमध्ये पटवत राहिला की, मुलाला लहानपणी तुम्ही झिडकारलंत, मूळ तिथे आहे. बाईंना काही ते पटेना. शेवटी दोघांनीही हात टेकले. बाई निघाल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मोठ्या माणसांना घेता का समुपदेशनासाठी? ‘हो’ म्हटल्यावर परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराची खरी कहाणी सांगायला लागल्या. आतापर्यंत भरलेल्या ‘केस हिस्टरी’शी तिचा फारसा संबंधच नव्हता. कुठे दुखतंय ते ज्याचं दुखतंय त्याला ठाऊक असतं, ही रॉजर्सची खूणगाठ अशा अनुभवांतून पक्की झाली. पुढे १९५७ मध्ये त्यानं मदत लागू पडण्याच्या अटी मांडल्या. त्यातल्या तीन सगळ्यांत जास्त सांगितल्या जातात : मदत करणाऱ्याचा सच्चेपणा, समोरच्याबद्दल विनाअट आदर, आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं.

जुनं म्हणून बरोबर असं मी म्हणत नाही. फलज्योतिषही जुनंच आहे. पण ‘नवं’ हा शब्द तेवढा मेसेजमधून काढून टाकू.

‘विचारत बसलात की शिस्त संपली.’

हा मेसेजचा गाभा आणि सगळ्यात मोठा गैरसमज. ‘विनाअट’ या शब्दानं घोळ केलाय. विनाअट आदर मुलाला असतो, त्याच्या प्रत्येक करणीला नाही. रॉजर्सच्या विचारावर खेळातून उपचाराची पद्धत उभी करणाऱ्या व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइननं १९४७ साली आठ तत्त्वं मांडली. पहिली सात मायेची, मोकळीक देण्याची, घाई न करण्याची. आठवं मर्यादांचं : मर्यादा मोजक्याच, पण वास्तवाशी नातं टिकेल आणि मुलाला आपली जबाबदारी कळेल एवढ्या हव्यातच. म्हणजे ‘काहीही चालेल’ हे या पद्धतीत मुळापासून कधी नव्हतंच.

वर्गात हे कसं दिसतं? एका मुलानं चिडून पाण्याची बाटली उगारलीय. बाई आवाज न चढवता म्हणतात, “तू खूप चिडलायस, दिसतंय मला. बाटली माणसांवर फेकायची नाही. आपटायचंच असेल तर माझ्या टेबलाजवळची ही उशी घे.” तीन वाक्यं. पहिल्यात राग मान्य, दुसऱ्यात मर्यादा, तिसऱ्यात पर्याय. दुसऱ्या वाक्यात ‘कृपया’ही नाही. यात शिस्त कुठे संपली ते दाखवा.

आता ‘विचारण्या’बद्दल. आपण विचारतो ते बहुतेक वेळा “का केलंस?” हा फौजदाराचा प्रश्न आहे. मूल मान खाली घालून “माहीत नाही” म्हणतं आणि आपल्याला वाटतं, खोटं बोलतंय. पुष्कळदा त्याला खरंच माहीत नसतं. “त्याच्या आधी काय झालं?” असं विचारलं की गोष्ट सुरू होते.

सातवीतली एक मुलगी माझ्याकडे पाठवली गेली, डायरीत अकरा शेरे घेऊन. सगळे एकाच अर्थाचे : काम अपूर्ण. आळशी आहे, असं तोंडी कळवण्यात आलं होतं. मी तिच्या शेजारी बसून तिला नुसतं लिहू दिलं. एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. चौथ्यांदा कागद फाटला. तिनं पान टरकावून दप्तरात कोंबलं. दप्तराच्या तळाशी असे बोळे साठलेले होते.

“पहिली ओळ लिहिताना काय होतं?”

बराच वेळ गप्प. मग, “ती वाकडी आली की सगळं पान घाण दिसतं, बाई.”

आळस कुठला, तास संपेपर्यंत ती जिवाच्या आकांतानं काम करत होती! अकरा शेऱ्यांनी तिला एवढंच शिकवलं होतं की, पहिली ओळ आणखी चांगली यायला हवी. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं : आधी कच्च्या वहीत, खोडरबर बाजूला ठेवून, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे. पक्क्या वहीत फक्त शेवटचा मसुदा. काम पूर्ण करायचंच, यात तिला सूट नव्हती. कसं करायचं यात तिचा शब्द होता. महिनाभरात वह्या जमा व्हायला लागल्या. रोज नाही, पण व्हायला लागल्या.

इथे मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट मी देऊन टाकते. रॉजर्स पुढे, १९६९ च्या सुमारास, शिक्षणाबद्दल लिहिताना फार लांब गेला. काय शिकायचं हेही शिकणाऱ्यानंच ठरवावं, असा त्याचा कल होता. तिथे मी त्याच्याबरोबर नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला अक्षर-आवाजाची जोडी पायरीपायरीनं, स्पष्टपणे शिकवायलाच लागते. ‘तुला काय शिकावंसं वाटतं’ या प्रश्नानं ते होत नाही. पण वर्गासमोर मोठ्यानं वाचायचं की आधी माझ्याजवळ बसून, हे त्याला जरूर विचारावं. आधाराची पद्धत आणि अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीकाकार त्यांची सरमिसळ करतात, आणि खरं सांगायचं तर उत्साही समर्थकही करतात.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं बारावं कलमही हेच सांगतं : मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला वय व समज पाहून वजन द्यायचं आहे. मत ऐकायचं आहे. अंतिम निर्णय मुलाचाच, असं त्यात कुठेही नाही.

‘चाळीस मुलांचं कधी बघणार?’

हिशेब करू. एका मुलाशी दहा मिनिटं धरली तर चाळीस मुलांची चारशे मिनिटं, म्हणजे सात तासांहूनही कमी. दिवसाला दोन मुलं घेतली तर कामाच्या वीस दिवसांत वर्ग संपतो, तोही वर्षातून एकदा. वीस मिनिटं रोज काढणं सोपं आहे असं म्हणत नाही. वह्या तपासणं, हजेरी, वरून येणारे तक्ते यांत शिक्षकाचा जीव जातो. पण डायरीत अकरा शेरे लिहायलाही वेळ लागलाच होता की.

त्या दहा मिनिटांतून एक पान तयार होतं. त्यावर तीनच गोष्टी : लोकांना माझ्यातलं काय आवडतं, माझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे, आणि मला मदत कशी करावी. अपंगत्वाच्या क्षेत्रातल्या नियोजनातून हे पान शाळांत आलं. बदली शिक्षक वर्गावर आले तर त्यांना जाड फाइलपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. इंग्लंडमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी जो कायदेशीर आराखडा बनतो, त्याचा पहिलाच भाग मुलाचं आणि पालकांचं म्हणणं, आवडी आणि आकांक्षा यांचा असतो. निदान आणि गरजा त्यानंतर येतात. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

शिवाय प्रत्येक मूल बोलूनच सांगेल असं नाही. न बोलणाऱ्या किंवा शब्दांत अडखळणाऱ्या मुलापुढे “तुला कसं वाटतंय?” हा प्रश्न म्हणजे भिंत. त्याला चित्रं द्या, दोन वस्तूंतून एक उचलू द्या, किंवा शाळेचा कच्चा नकाशा काढून द्या आणि नको वाटणाऱ्या जागा रंगवायला सांगा. एका मुलानं पूर्ण नकाशा कोरा ठेवून फक्त जिना काळा केला होता. मधल्या सुट्टीनंतर तो वर्गात उशिरा का येतो, याचं उत्तर तिथे होतं.

‘एकाला सवलत, बाकीच्यांवर अन्याय.’

त्या मुलीला कच्ची वही मिळाल्यावर दोन मुलं आलीच विचारायला, “आम्हाला पण?” त्यांच्या बाई म्हणाल्या, घ्या की. आठवड्यात दोघांनी सोडून दिली, दोनदा लिहायचा कंटाळा आला म्हणून. हा मुद्दा एवढ्यावरच सोडते.

‘शास्त्रीय आधार शून्य.’

शून्य नाही. डोंगराएवढाही नाही. २००७ मध्ये जेफ्री कॉर्नेलियस-व्हाइट यांनी ११९ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थी होते. शिक्षकाची समज, आपुलकी, विचारांना चालना देण्याची वृत्ती यांचा मुलांच्या शिकण्याशी आणि वागण्याशी सरासरी ०.३१ इतका सहसंबंध निघाला (दोन गोष्टी किती जोडीनं वाढतात याचं हे माप : शून्य म्हणजे नातं नाही, एक म्हणजे पूर्ण). शिक्षणातल्या संशोधनात हा आकडा चांगला मानतात. मात्र सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. वर्ग गुणी असला की शिक्षकही प्रेमळ होतात, हेही शक्य आहे.

त्याहून कडक कसोटी लंडनमधल्या १८ शाळांत लागली. १३ ते १६ वयाच्या ३२९ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली : काहींना शाळेचा नेहमीचा आधार, काहींना त्याशिवाय दहापर्यंत बैठकांचं मानवतावादी समुपदेशन, जे या विचाराच्या घरातलंच. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशन मिळालेल्यांचा मानसिक त्रास जास्त कमी झाला. पण फरक लहान होता आणि खर्च वाढला. मी हे समुपदेशक असून लिहितेय, म्हणजे माझ्याच पोटावर पाय. तरीही ‘लहान’ आणि ‘शून्य’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

‘जग त्यांना विचारून वागणार नाही.’

खरं आहे. म्हणूनच मला काय हवंय, कुठे अडतंय, हे न विचारताही सांगता यायला हवं. ते कुठेतरी शिकावं लागतं. आणि एक जड बाजू आहे. ज्या मुलाला शाळेत कुणी कधी खरं काही विचारलेलं नाही, ते मूल अंगावर काही वाईट ओढवल्यावर अचानक येऊन सांगेल, ही अपेक्षा कशी करायची? मी मुलांना “कुणालाच सांगणार नाही” असं वचन कधी देत नाही. तुला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगते. ऐकणं म्हणजे मुलाच्या हातात सगळं सोपवणं, असं समजणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात घ्यावं.

आता ती खरी भीती. मेसेजमध्ये ओझरतं म्हटलंय, ‘शेवटी हे सगळं कागदावरच राहतं.’ इथे मात्र मी निमूट मान डोलावते. मी अशी ‘एक पान’ पाहिली आहेत ज्यांवर मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, “मला एकाग्रता वाढवून शैक्षणिक प्रगती साधायची आहे.” दहा वर्षांचं कुठलं मूल असं बोलतं? मोठ्यांनी सांगितलं, त्यानं उतरवलं, फाइलला लागलं. दुसरा प्रकार याहून वाईट : मुलाला मनापासून विचारलं, त्यानं धीर करून सांगितलं, आणि काहीच बदललं नाही. असं मूल पुढच्या वेळी खांदे उडवतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

त्या एकाग्रतावाल्या मुलाचं पान आम्ही पुन्हा केलं. तीन बैठका लागल्या. ‘मला मदत कशी करावी’ याखाली आता दोन ओळी आहेत : “वाचताना मधे थांबवू नका. चुका शेवटी सांगा.” त्याच्या वर्गशिक्षिकेनं ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. पुस्तकं काढायला दार उघडलं की तिला ते दिसतं, बाकीच्या मुलांना दिसत नाही.