रेल सोडून सगळं दुरुस्त करा

अभिनंदन! तुमच्या कॅम्पर ट्रेलरचं (गाडीमागे ओढत न्यायच्या त्या छोट्या फिरत्या घराचं) सरकतं ऑनिंग, म्हणजे बाजूला ताणायचं कापडी छप्पर, तिरपं बसलंय, उघडताना निम्म्यावर अडकतंय आणि पाऊस आला की नेमकं तुमच्या खुर्चीच्या वर पाणी साठवतंय. म्हणजे ट्रेलर चारचौघांच्या ट्रेलरसारखाच आहे, काळजी नसावी. मेलबर्नमध्ये घर झालं, मुलं पोहायला शिकली, मंडळाच्या गणपतीची सजावट एकदाची गळ्यातून उतरली, की मराठी माणूस कॅम्पर ट्रेलर घेतो. पहिल्याच लाँग वीकेंडला त्याला कळतं की आपण एका कापडाशी भांडण विकत घेतलंय. हे भांडण पुढची कैक वर्षं टिकावं अशी तुमची इच्छा असेल, तर पुढचा सल्ला तुमच्यासाठी.

आधी यंत्रणा समजून घ्या, म्हणजे ती न समजल्यासारखं वागणं सोपं जाईल. ट्रेलरच्या एका बाजूला, छताच्या कडेखाली, ॲल्युमिनियमची एक लांब रेल बसवलेली असते. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल खाच असते. ऑनिंगच्या कडेत बारीक दोर शिवलेला असतो. तो खाचेच्या तोंडातून आत घालायचा आणि कापड ओढत दुसऱ्या टोकाला न्यायचं. मग खांब, ताणाचे दोर, जमिनीत खुंट्या. संपलं. मोटर नाही, वायर नाही. बिघडायला खरी जागा एकच, ती म्हणजे रेल. ती सरळ असली की बाकीचं आपसूक बसतं. ती तिरकी असली की खाली काहीही ताणा, सुरकुती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते, बाहेर जात नाही.

म्हणून पहिला आणि शेवटचा नियम: रेलकडे बघायचं नाही. कापडाला नावं ठेवा, खांबांना ठेवा, वाऱ्याला ठेवा. नवऱ्याला किंवा बायकोला तर ठेवाच, त्याशिवाय कॅम्पिंगला गेल्यासारखं वाटत नाही.

रेल तिरकी बसते कशी, यामागेही कसब आहे. बसवणारा ट्रेलर उताराच्या ड्राइव्हवेवर उभा करतो, रेल छताला टेकवतो आणि तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवतो. बुडबुडा मधोमध आला की ड्रिल चालू. छताच्या कडेपासून दोन्ही टोकांचं अंतर टेपनं मोजायला अर्धं मिनिट लागतं, पण लेव्हल हातात असताना टेप कोण शोधणार? रेल अशा रीतीनं क्षितिजाला समांतर होते. छताशी तिचं काही देणंघेणं उरत नाही. तोच ट्रेलर पुन्हा त्याच उतारावर, त्याच तोंडानं उभा केलात तर ऑनिंग आजही कसं झकास लागतं बघा. सुट्ट्या त्या ड्राइव्हवेवर घालवायची तयारी असेल तर प्रश्नच मिटला.

आता अडकणाऱ्या दोराकडे वळू. कुठल्या तरी स्क्रूचं डोकं खाचेत आलेलं असतं. रेल दोन तुकड्यांची असेल तर सांध्यावर बारीकशी पायरी असते. किंवा मागून भरलेला सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, खाचेत उतरून वाळलेला असतो. शिवाय करवतीनं कापलेलं रेलचं तोंड कानस न मारता तसंच सोडलेलं असेल, तर तिथली धार दर खेपेला कापडाचा थोडा नैवेद्य घेते. बॅटरी मारून खाचेत डोकावलं तर हे सगळं दिसतं. डोकावू नका. एकानं पुढून ओढावं, दुसऱ्यानं मागून ढकलावं, तिसरा कुणी असेल तर त्यानं लांब उभं राहून ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणावं. तरी हलेना तर स्वयंपाकाचं तेल ओता. दुकानात कोरडा सिलिकॉन स्प्रे मिळतो, त्याला धूळ फारशी चिकटत नाही, म्हणून तो आपल्या कामाचा नाही. तेलात एकदा फ्लिंडर्स रेंजेसची लाल माती नीट मळली गेली की जो लगदा होतो, तो दोर आणि ॲल्युमिनियम दोन्ही सारख्याच प्रेमानं घासून काढतो.

मग येते गळती, आणि गळतीबरोबर आपला खरा आनंद: सिलिकॉन. शनिवारी सकाळी बनिंग्जला, म्हणजे हार्डवेअरच्या भल्यामोठ्या दुकानात, जा. दारातलं सॉसेज खा (शाकाहारी मंडळींनी नुसता ब्रेड-कांदा मागावा, देतात). आत सीलंटची अख्खी रांग आहे, तिथली सगळ्यात स्वस्त, बाथरूमच्या फरशीसाठीची, व्हिनेगरचा वास येणारी नळी उचला. त्या वासातलं आम्ल काही धातूंना खातं, पण नळी स्वस्त आहे, हे विसरू नका. ट्रेलरवाले पॉलियुरेथेन सीलंट वापरा म्हणून सांगतील, रेलच्या मागे ब्युटाइलची चिकट टेप लावा म्हणतील. ऐकू नका. सिलिकॉनची थोरवी अशी की एकदा लागलं की त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. रंग नाही, चांगला सीलंट नाही. पहिला थर सुटला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. वरची कड भरा, खालची भरा, टोकंही भरा. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला फट राहता कामा नये, नाहीतर आतलं प्लायवूड कुजणार कसं?

सैल स्क्रूंना उपाय सोपा: त्याच भोकात त्याहून जाडा स्क्रू. तोही सैल झाला तर आणखी जाडा. स्टेनलेस स्टीलचेच घ्या, ते गंजत नाहीत. गंजत नाहीत म्हणजे स्वतः गंजत नाहीत, शेजाऱ्याला गंजवतात. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि ग्रेट ओशन रोडवरचा खारा वारा एकत्र आले की झिजायचं काम ॲल्युमिनियमकडे येतं, आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी फुलते. दोन धातूंमध्ये वेगळं ठेवणारी पेस्ट किंवा नायलॉनचा वॉशर घालतात म्हणे. घालणारे घालोत. त्यानंतर ट्रेलर गिब रिव्हर रोडवर न्या. साधारण ६६० किलोमीटर, त्यातला बराचसा नालीदार पत्र्यासारखा खडबडलेला कच्चा रस्ता. जे स्क्रू अजून धरून आहेत त्यांची तिथे परीक्षा होते.

ऑनिंग लावताना सगळे खांब एकाच उंचीचे ठेवा. फोटोत फार छान दिसतं, आणि पुण्याला आईला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असतं. आता हिशेब करा, म्हणजे करू नका, मी करतो. २.५ मीटर बाय २ मीटर कापड म्हणजे ५ चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला आणि कापड सपाट असेल, तर वर १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलो वजन. तेही दोन बारीक खांबांवर आणि तुमच्या सिलिकॉनवर. ज्यांना अनुभव आहे ते बाहेरचा एक कोपरा मुद्दाम खाली ठेवतात, की पाणी तिथून वाहून जावं. तुमच्या बाबतीत गंमत अशी की रेलचं दाराकडचं टोक आधीच खाली आहे. तुम्ही दारापासून लांबचा कोपरा उतरवता, पाणी मात्र दारातच राहायला येतं. मग रात्री दोन वाजता झाडूच्या दांड्यानं कापड वर ढकला. पाणी कुठल्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही, आणि शेजारच्या तंबूची मंडळी नेमकी त्याच बाजूला झोपलेली असतात.

वाऱ्याची चिंता करू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, हे शाळेतलं गणित शाळेतच राहू दे. विल्सन्स प्रोमॉन्टरीला टायडल रिव्हरच्या कॅम्पवर जागा मिळाली, तर खुंट्या वाळूत सरळ उभ्या ठोका, अगदी काटकोनात. दोराच्या ताणाविरुद्ध तिरप्या ठोकाव्यात, वाळूसाठी रुंद पात्याच्या वेगळ्या घ्याव्यात, असं सांगणारे आजोबा प्रत्येक कॅम्पवर भेटतील. निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन घेऊन देशभर फिरणारी ही जमात. हातात रबरी हातोडा आणि दुसऱ्याच्या ऑनिंगकडे बघणारी नजर. ते तुम्हाला ‘मेट’ म्हणतील, तुमच्या खुंट्या न विचारता पुन्हा ठोकतील आणि जाता जाता वर बघून म्हणतील, ही रेल जरा तिरकी वाटते. लगेच चहा विचारा. विषय बदलतो.

नवं कापड पॉलिकॉटनचं (पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेलं) असेल तर घरीच भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवायचं असतं. सूत फुगतं आणि शिवणीची भोकं बुजतात. तुम्ही ते थेट पावसात न्या. परतताना ओलंच गुंडाळा आणि गॅरेजमध्ये ठेवून महिनाभर विसरा. काळे ठिपके आले की ते कापड वाईट होतं, असं म्हणायला आणखी एक पुरावा मिळतो. रेल पुन्हा नामानिराळी.

ट्रेलर नवा असेल तर मात्र एक धोका आहे: दाद मागता येण्याचा. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा १ जानेवारी २०११ पासून लागू आहे. विकलेली वस्तू स्वीकारण्याजोग्या दर्जाची हवी, ज्या कामासाठी घेतली त्या कामाला यायला हवी, ही हमी तो विकणाऱ्याकडून घेतो. कंपनीच्या वॉरंटीची तारीख उलटली म्हणून ती हमी आपोआप संपत नाही. दोष मोठा असेल तर पैसे परत की वस्तू बदलून, हे ठरवायचा अधिकारही गिऱ्हाइकाचा. १ जुलै २०२१ ला किमतीची मर्यादा ४० हजार डॉलरवरून १ लाखावर नेली, त्यामुळे ‘आपला ट्रेलर महागाचा, तो कायद्यात बसत नसेल’ ही सबबही गेली. यातून सुटायचं तर तक्रार फक्त फोनवर करा, लेखी काही ठेवू नका, वाकड्या रेलचा फोटो चुकूनही काढू नका. सगळ्यात उत्तम म्हणजे आधी स्वतः चार भोकं पाडा, वर सिलिकॉन फासा आणि मग डीलरकडे जा. तो तुमच्या भोकांवर बोट ठेवेल, ‘सगळ्यांचं असंच येतं’ म्हणेल, आणि तुम्ही हलक्या मनानं घरी याल.

एवढं करूनही मंडळात एखादा उपद्रवी माणूस भेटतोच. तो ट्रेलर सपाट जागी उभा करतो, छताच्या कडेपासून रेलच्या दोन्ही टोकांना टेप लावतो, दोरी ताणून बघतो आणि काही न बोलता सगळे स्क्रू काढतो, रिव्हेट असतील तर ड्रिलनं उडवतो. रेल उतरवतो. सिलिकॉन खरवडत बसतो, त्याचा कण ठेवत नाही. जुनी भोकं बुजवतो, नवी त्यांच्या शेजारी पाडतो, मागे ब्युटाइल टेप, वरून पॉलियुरेथेन, पाणी न शिरणारे बंद तोंडाचे रिव्हेट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे. खाचेच्या तोंडाला कानस मारतो. रात्रभर सुकू देतो. सकाळी कापड एका हातानं सरकत टोकाला जातं. मग उरलेली सुट्टी करायचं काय? समुद्रावर जावं लागतं, मुलांशी पत्ते खेळावे लागतात, आजोबासुद्धा फिरकत नाहीत. अशा माणसाला ट्रेलरजवळ येऊ देऊ नका. आलाच, तर त्याला खुंट्या मोजायला बसवा. त्या कायम एक कमी भरतात, संध्याकाळपर्यंत तो गवतात शोधत राहील.