चौसष्ट सेंटिमीटरचा डोंगर

माणसाने एक वेळ डोंगर चढावा, पण डोंगर चढायचा आराखडा करायच्या भानगडीत पडू नये. चढताना लागलेला दम थांबलं की ओसरतो. आराखड्याचा दम मला दोन महिने लागला होता, आणि तोही खुर्चीत बसून.

सगळं सुरू झालं मेहुण्यामुळे. आम्ही नेहमी ज्या वाटेने वर जायचो त्याच वाटेने खाली यायचो. गेल्या खेपेला उतरताना तो म्हणाला, "भाऊजी, हे म्हणजे तोच पिक्चर उलटा बघितल्यासारखं झालं." मला ते लागलं. घरी आल्या आल्या नकाशा पसरला आणि ठरवून टाकलं, पुढचा ट्रेक गोल. एका सोंडेने, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या दांडाने चढायचं, धारेवरून, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या कण्यावरून ओळीने तीन शिखरं घ्यायची, दुसऱ्या सोंडेने उतरायचं आणि जिथे गाडी लावली तिथेच संध्याकाळच्या आत हजर. नकाशात ती धार घोड्याच्या नालेसारखी दिसत होती, दोन्ही टोकं एकाच दरीच्या तोंडाशी टेकलेली. आता ह्यात आराखडा कसला करायचा, नुसती पेन्सिल फिरवायची, असं मला वाटलं. ते शेवटचं निवांत वाक्य.

पहिला प्रश्न अंतराचा. वाट सरळ असती तर पट्टी लावली असती. पण धार कधी सरळ जात नाही. ह्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे दोरा. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, नकाशावर वाटेच्या प्रत्येक वळणाबरोबर बोटाने दाबत दाबत नेला आणि तिन्ही शिखरांपाशी निळ्या पेनने एकेक ठिपका दिला. दोऱ्याच्या कामात श्वास रोखून धरावा लागतो. दुसऱ्या शिखरापाशी मला शिंक आली आणि पहिलं शिखर दरीत गेलं. चौथ्या प्रयत्नात जमलं. दोरा भरला ६४ सेंटिमीटर. नकाशा १:२५,००० चा, म्हणजे ४ सेंटिमीटरला एक किलोमीटर. सोळा किलोमीटर!

"दोरा परत डब्यात ठेवा," एवढंच बायको म्हणाली.

मग चढाई. त्यासाठी समोच्च रेषा, म्हणजे नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा मोजायच्या. माझ्या नकाशात लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक होता. भिंग घेऊन, टाचणीच्या टोकाने एकेक रेष ओलांडत मोजल्या: पहिल्या शिखरापर्यंत ४२, खिंडीत उतरून दुसऱ्याला ११, पुन्हा उतरून तिसऱ्याला १७. एकूण सत्तर रेषा, म्हणजे १४०० मीटर. ह्या रेषांचा एक कावा मात्र मला फार उशिरा कळला. धारेवर १५-१८ मीटरचा उंचवटा असेल तर तो दोन रेषांच्या मध्ये सहज बसतो आणि नकाशात त्याची खूणही नसते. पाच मजली इमारत उभी असते आणि नकाशा म्हणतो, सपाट. अशा इमारती आमच्या वाटेवर किती आहेत ते मोजायला टाचणी उपयोगाची नव्हती. ते गुडघ्यांनी मोजलं.

इकडे मेहुण्याने वेगळंच गणित मांडलं. निघतो तिथेच परत येतो, म्हणजे जेवढं चढणार तेवढंच उतरणार, वजाबाकी शून्य. त्याने ग्रुपवर टाकलं: "एकूण चढाई : शून्य मीटर." त्यावर विश्वास ठेवून शेजारचे काका तयार झाले. काकांचं वय अडुसष्ट आणि मत प्रत्येक बाबतीत. पाठोपाठ भाची आली, वय एकोणीस, पायांत स्प्रिंग. आणि फोटोवाला मित्र, जो पाचशे मीटर चालण्याआधी पाचशे फोटो काढतो. मी धरून पाचजण. पाचजणांचा ट्रेक म्हणजे एक ट्रेक नसतो, पाच असतात. फक्त सॅका एकाच गाडीत असतात.

आता वेळ. ह्या बाबतीत मी एका स्कॉटिश गिर्यारोहकावर भरवसा ठेवला. विल्यम नेस्मिथ त्याचं नाव. १८९२ साली त्याने स्कॉटलंडमधली तीन शिखरं एका दमात केली आणि टिपून ठेवलं: अंतर १० मैल, चढाई ६३०० फूट, वेळ साडेसहा तास, लहानसहान थांबे धरून. त्यातून त्याने सूत्र काढलं, नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. आज आपण त्याचं ढोबळ रूपांतर करतो, ताशी ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाईला एक तास. मी बघितलं तर काय, त्याची शिखरं तीन, आमची तीन. त्याचं अंतर १६ किलोमीटर, आमचं १६. चढाई तर त्याची जास्तच. मला त्या माणसाबद्दल एकदम भावकीतलं प्रेम वाटायला लागलं. आकडेमोड केली: अंतराचे ३ तास १२ मिनिटं, चढाईचे २ तास २० मिनिटं, बेरीज ५ तास ३२ मिनिटं. विश्रांतीला उदार मनाने दीड तास. सकाळी सहाला निघायचं, दुपारी १ वाजून २ मिनिटांनी परत.

"त्या दोन मिनिटांत काय करणार?" बायकोने विचारलं.

नेस्मिथचं सूत्र धडधाकट, सरावलेल्या आणि मुकाट्याने चालणाऱ्या माणसासाठी आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आकडे एकदा रकान्यात बसले की ते खरे वाटू लागतात. आणि नेस्मिथच्या टिपणात काकांचा उल्लेख नाही.

खरी लढाई झाली ती दिशेवरून. गोल ट्रेकला दोनच दिशा असतात, पण त्यावर मतं पाच पडू शकतात. मी म्हणत होतो, आधी उभी सोंड चढून जाऊ आणि लांब, संथ सोंडेने उतरू. ह्यामागे कारण आहे. कातळटप्पा चढताना हाताला पकड कुठे ते समोर दिसतं; उतरताना आपलंच पोट मध्ये येतं आणि पाय कुठे ठेवायचा ते पायालाच शोधावं लागतं. घसाऱ्याचं, म्हणजे सुट्या दगडमातीच्या निसरड्या उताराचंही तेच. चढताना घसरलं तर माणूस चिडतो, उतरताना घसरलं तर बसतो. काकांचं म्हणणं उलट, सुरुवातीला सोपं असावं म्हणजे उत्साह टिकतो. फोटोवाल्याला सकाळचं ऊन तिसऱ्या शिखरावर हवं होतं. मेहुण्याला कुठल्याही दिशेने चालणार होतं, फक्त ठरलेलं एकदा बदलायला हवं होतं. भाची म्हणाली, "मामा, मी उलटी बाजू धरते, आपण दुसऱ्या शिखरावर भेटू." ह्या सूचनेवर अर्धा तास चर्चा झाली, केवळ ती गंमत होती हे ती सांगत असूनही.

शेवटी माझी दिशा ठरली, कारण नकाशा माझा होता.

पाण्याचं सोपं वाटलं होतं. पण धारेवर पाणी नसतं. ते दोन्ही उतारांनी कधीच खाली निघून गेलेलं असतं. तेवढी अक्कल पाण्याला आहे. माणशी तीन लिटर धरलं तर पंधरा लिटर, आणि लिटरला किलो हा हिशोब पाणी कधी चुकवत नाही. काकांनी गुडघ्याचं कारण सांगून दोन लिटर कमी केले आणि ते माझ्या सॅकमध्ये आले. हवामानासाठी मी तीन अॅप बघत होतो. एक म्हणे ऊन, दुसरं ढग, तिसरं सरी. मी उरलेली दोन काढून टाकली. पुढे भाचीने दाखवलं, की माझं अॅप पायथ्याच्या गावाचं हवामान सांगतंय. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं आणि वारं वेगळं. म्हणजे गावात शर्टावर फिरता येईल आणि वर दात वाजतील. यादीत पाच जाकिटं वाढली.

आणि एक पळवाट. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिखरामधल्या खिंडीतून एक बारीक ठिपक्यांची वाट नालेच्या पोटातल्या दरीत उतरत होती आणि ओढ्याच्या कडेने पाच किलोमीटरवर सरळ गाडीपाशी निघत होती. ती मी अगदी फिकट पेन्सिलने काढली. कुणी विचारलं तर कागदाची सुरकुती म्हणून सांगायचं ठरवलं होतं.

ठरलेल्या दिवशी सहाला निघायचं होतं ते सात वीसला निघालो. ऐंशी मिनिटांपैकी चाळीस मिनिटं काकांची टोपी होती, जी गाडीत नव्हती, मग होती. पहिल्या सोंडेवर पाऊल ठेवलं आणि माझा तक्ता, जो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता, छातीवर आपटायला लागला. प्रत्येक आपटीला मी मागे पडल्याची आठवण. पहिलं शिखर आलं म्हणून आम्ही आरोळी ठोकली. वर गेल्यावर कळलं की शिखर अजून पुढे आहे. तिथे गेलो तर ते आणखी पुढे. रेषांच्या मधली मंडळी एकेक करून ओळख द्यायला आली होती. तिसऱ्यांदा खरं शिखर आलं तेव्हा आरोळी ठोकायला कुणाकडे हवा उरली नव्हती.

आश्चर्य म्हणजे सगळ्यात पुढे काका होते. लहान पावलं, एक लय, थांबणं नाही, बोलणं मात्र अखंड. सगळ्यात मागे मी, बहुधा त्यांच्याच दोन लिटरमुळे.

दुसरं शिखर करून खिंडीत पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. तक्त्यानुसार त्या वेळी मी घरी आंघोळ करून आडवा असायला हवा होतो. झालं होतं आठ किलोमीटर, उरलं होतं आठ. मेहुणा दगडावर बसला आणि म्हणाला, "भाऊजी, मी आलो तसा परत जातो."

"परत जायलाही आठच आहे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. गोल ट्रेकची ही खुबी मी कुणालाच आधी सांगितली नव्हती. अर्ध्यावर पोचल्यावर मागे फिरण्यात काडीचा फायदा उरत नाही.

मग निर्णय. फोटोवाल्याने कुठेतरी वाचलं होतं, की हात सरळ लांब करून सूर्य आणि क्षितिज ह्यांमध्ये आडवी बोटं मोजायची. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं उजेड. त्याने मोजायला सुरुवात केली. त्याचे दोन्ही हात संपले, मग भाचीचा हात उसना घेतला. चौदा बोटं भरली. साडेतीन तास! ही गोष्ट घड्याळानेही सांगितली होती, पण बोटांवर सगळ्यांचा विश्वास बसला. पुढचं गणित मी मनात केलं. उरलेलं अंतर आणि ३४० मीटरची चढाई, सूत्राने २ तास १० मिनिटं. पण आमची गत आत्तापर्यंत नेस्मिथच्या दुपटीहून थोडी जास्तच होती. म्हणजे साडेचार तास. शेवटचा तासभर काळोखात, अनोळखी सोंडेवर, पाचजणांत दोन बॅटऱ्या.

तिसरं शिखर समोरच होतं. इतकं समोर, की त्याच्या माथ्यावरची दगडांची रास दिसत होती. सतरा रेषा. मी त्या टाचणीने मोजल्या होत्या.

"मामा, ही नकाशात सुरकुती आहे की वाट?" भाचीने विचारलं.

"वाट," मी म्हणालो.

उतरलो. घसाऱ्याच्या नाळेतून पहिला अर्धा तास सगळे मागच्या चाकांवर होते. एका करवंदीच्या जाळीने माझा शर्ट पकडला, मी सोडवायला ओढला आणि पोटावरचं बटण तिच्याकडे राहिलं. पाच वाजता ओढ्यात पाय बुडवून बसलो होतो. काका सांगत होते की सोप्या सोंडेने चढलो असतो तर तिन्ही झाली असती. फोटोवाला खालून तिसऱ्या शिखराचा फोटो काढत होता आणि ऊन, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आत्ता बरोबर पडलं होतं. मेहुण्याने ग्रुपवर टाकलं: "एकूण चढाई शून्य मीटर, सांगितल्याप्रमाणे."

दोन दिवसांनी शर्ट घालायला काढला तर बटण लावलेलं. बायकोने डब्यातला पहिला हाताला लागलेला दोरा घेतला होता. बटणाच्या चार भोकांत पांढऱ्या टाक्यांवर एक निळा ठिपका आहे. डब्यात जाऊन उरलेला दोरा मोजला. पहिले दोन ठिपके जागेवर आहेत, शेवटाकडचा तुकडा कापलेला.

तिसरं शिखर सध्या माझ्या पोटावर आहे.