तुमच्या मुलाला मी कच्चा म्हटलं का?

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत: ‘मुलाचे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, घरी आल्यापासून धड जेवत नाही. आणि तुम्ही म्हणता, चिवट मुलं तरून जातात. म्हणजे माझा मुलगा कच्चा?’

राग रास्त आहे. ते वाक्य लेखातून काढतोय. संशोधनही तसं ठाम बोलत नाही. ‘ग्रिट’चा, म्हणजे याच चिवटपणाचा, मध्यंतरी फार गाजावाजा झाला, २०१७मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तर गुणांशी त्याचा संबंध बेताचाच निघाला. वर्गातली हजेरी आणि अभ्यासाच्या सवयी त्याहून भारी पडल्या.

माझंच सांगतो. एम-थ्रीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणितात, माझी बॅक लागली होती, विषय राहिला होता. निकाल होस्टेलच्या गच्चीवर मोबाइलवर पाहिला. नेट ओढत नव्हतं, आधी नुसतं नाव उघडलं, गुण नंतर. पुढे आठवडाभर मेसमध्ये सगळे उठून गेल्यावर जायचो, कुणी विचारू नये म्हणून. शेवटी रूममेटनेच मला ओढत नेऊन उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज करायला लावला. झेरॉक्स हातात आली तेव्हा कळलं, लाप्लासच्या एकाच गणितात पाऊण तास घातला होता आणि शेवटचे दोन प्रश्न कोरेच. मग जुने पेपर घड्याळ लावून सोडवले, सुटलो. यात माझा चिवटपणा किती आणि त्याचा किती, तुम्हीच ठरवा!

पण एका मुद्द्यावर माघार नाही. ताण पेलणं शिकता येतं. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये त्याचे दोन प्रकार मांडले: अडचणीलाच हात घालणं आणि मनाला सांभाळणं. निकाल लागेपर्यंत दुसराच कामाचा, कारण हातात काहीच नसतं. निकालानंतर मात्र पहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि हो, सगळा भार पोरांवर नको. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलंय. तुमच्या कॉलेजात तो कोण, बिनधास्त विचारा.

जेवण-झोप अशीच बिघडलेली राहिली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

झेरॉक्सच्या अर्जाला फार दिवस देत नाहीत, मुदत आजच बघा. राहिलेल्यात एम-थ्री असेल तर कळवा, माझ्या वह्या अजून माळ्यावर आहेत.