खुलासा : पोटशूळ झालेल्या घोड्याला उलटी करवू नये

घोड्याच्या पोटात कळा आल्यास त्याला मिठाचे कोमट पाणी पाजून उलटी करवावी, असा संदेश घोडेपालकांच्या गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. पशुवैद्यकाच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांतही दिलेले असते की अन्ननलिका जठराला तिरकी मिळते आणि तिथला वर्तुळाकार स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला उलटी जवळजवळ होतच नाही. उलट बळजबरीने पाजलेले पाणी फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

अशा वेळी चारा व खुराक बाजूला करून पशुवैद्यकांना तत्काळ बोलवावे. ते येईपर्यंत जबड्याच्या खालच्या कडेशी बोटे टेकवून नाडी मोजावी. विश्रांत, प्रौढ घोड्यात ती मिनिटाला सुमारे २८ ते ४४ असते आणि ६० च्या वर टिकून राहिल्यास प्रकृती गंभीर समजावी. हिरडी दाबून सोडल्यावर साधारण २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. कुशीला कान लावून आतड्यांची गुरगुरही ऐकावी. ती पूर्ण थांबली तर आराम पडला असे अनेकांना वाटते, पण ते धोक्याचे लक्षण आहे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.