माकडाला मत देणारे लोक वेडे नव्हते

आमच्या ग्रुपवर परवा एकाने टाकलं की यावेळी तो वॉर्डातून अपक्ष उभा राहतोय. झालं, हसऱ्या इमोजींचा पाऊस. एकाने लिहिलं डिपॉझिट जप्तच होणारे तर ते पैसे आत्ताच दे, पार्टी करू, दुसऱ्याने विचारलं कुणाची मतं खायला उभा राहतोयस, आणि मीही हसलो, खोटं कशाला बोलू. माणूस लायब्ररीत काम करतो, भाषण सोडा, कुणाच्या वाढदिवसाला चार शब्द बोल म्हटलं तरी घाम फुटतो त्याला.

पण रात्री मला ते हार्टलपूलचं माकड आठवलं.

इंग्लंडमधलं बंदराचं गाव आहे हे. तिथली दंतकथा अशी की नेपोलियनच्या काळात एक फ्रेंच जहाज फुटलं, त्यातून एक माकड किनाऱ्याला लागलं आणि गावकऱ्यांनी ते फ्रेंच गुप्तहेर समजून फासावर लटकवलं. खरं खोटं देव जाणे. गावच्या फुटबॉल क्लबने मात्र त्यावरून होणारं चिडवणं अंगाला लावून न घेता माकडालाच आपला मॅस्कॉट केलं. २००२ साली तिथे पहिल्यांदा महापौराची थेट निवडणूक लागली तेव्हा त्या माकडाच्या वेशात मैदानावर नाचणारा स्टुअर्ट ड्रमंड नावाचा २८ वर्षांचा पोरगा उभा राहिला. आश्वासन काय, तर शाळेतल्या मुलांना फुकट केळी! सगळ्यांना वाटलं क्लबची जाहिरात चाललीये, आणि बऱ्याच अंशी ती होतीच. तर हा निवडून आला. मजूर पक्षाच्या त्या गडात मजूर पक्षाचाच उमेदवार पाडून.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्या काय असतील हे सांगायलाच नको, लोकांना अक्कल नाही, लोकशाहीचा तमाशा झाला वगैरे वगैरे. मला हे पटतच नाही. गड म्हणजे काय हो शेवटी? जिथे पक्षाला वाटतं आपण दगड उभा केला तरी निवडून येईल. मग लोकांनी म्हटलं दगडच द्यायचा तर निदान आमच्या आवडीचा देतो.

पण मला गंमत वाटते ती पुढच्या भागाची, जो कुणी सांगत नाही. निवडून आल्यावर पठ्ठ्याने माकडाचा वेश उतरवला तो उतरवलाच. केळी काही लगेच मिळाली नाहीत, पण बजेट, कचरा, रस्ते, मिटिंगा असल्या कामात, जिथे टाळ्या पडत नाहीत, तिथे तो बसला. २००५ मध्ये परत उभा राहिला आणि १० हजारांहून जास्त मतांच्या फरकाने आला, २००९ मध्ये तिसऱ्यांदा. पहिलं मत रागाचं होतं हे मान्य, पण तीन तीन वेळा कुणी रागात मत देत नाही. (शेवट मात्र भारी आहे. २०१२ मध्ये गावाने सार्वमत घेऊन ते थेट महापौराचं पदच बंद करून टाकलं. हरवलं असं नाही, खुर्चीच उचलून नेली.)

आइसलँडची राजधानी रेक्याविक, तिथेही तेच. २००८ ला आइसलँडच्या बँका बुडाल्या, लोक खवळलेले, अशात योन ग्नार नावाच्या विनोदी नटाने 'बेस्ट पार्टी' काढली. प्राणिसंग्रहालयाला पांढरं अस्वल, पोहण्याच्या तलावावर फुकट टॉवेल, आणि वर म्हणे ही आश्वासनं आम्ही पाळणार नाही. २०१० मध्ये १५ पैकी ६ जागा घेऊन महापौर झाला. आणि हातात काय आलं, तर कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली शहराची वीज आणि गरम पाण्याची कंपनी. दर वाढवावे लागले, माणसं कमी करावी लागली. विनोद करणाऱ्या माणसाला हे करावं लागणं म्हणजे काय असेल विचार करा. चार वर्षं पूर्ण केली आणि परत उभाच राहिला नाही.

सगळेच जिंकतात असंही नाही. अमेरिकेत हंटर थॉम्पसन हा पत्रकार १९७० ला ॲस्पेनकडे शेरीफसाठी (तिकडे हा पोलीसप्रमुख लोक निवडून देतात) उभा राहिला, स्वतः डोक्याचा चकोट केला आणि बारीक केस कापलेल्या विरोधकाला 'माझे लांब केसवाले प्रतिस्पर्धी' म्हणत फिरला. तो येतोय असं दिसल्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्ष त्याच्या विरोधात एक झाले. पडला, पण बरीच मतं घेऊन.

म्हणून मला 'बाहेरचा उमेदवार' हा शब्दच खटकतो. त्याच गल्लीत राहणारा, त्याच तुंबलेल्या गटारावरून उडी मारून कामाला जाणारा माणूस बाहेरचा, आणि पाच वर्षांतून एकदा हात जोडत येणारे घरचे? अर्थात नुसता नवखा आहे म्हणून कुणी चांगला ठरत नाही, नवख्यांमध्येही नग असतात, आणि हसवता येणं म्हणजे कारभार करता येणं नव्हे. मी तर कुठल्याही नवख्याला एकच विचारीन, बजेट वाचलंस का.

तर काल आमच्या लायब्ररीवाल्याला फोन करून तेच विचारलं. म्हणाला डाउनलोड केलंय रे, पण चारशे पानांची पीडीएफ आहे, मोबाईलवर उघडतच नाहीये. आणि मग जरा चाचरत, सूचक म्हणून सही करशील का.

म्हटलं पीडीएफ आधी मला पाठव.